अंतराळातला सुरुंग: कथेत ठेवू की काढू?

गोदाकाठची (पंचवटी, नाशिक)

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतली आहे आणि मध्येच अडले आहे. जाणकारांची मदत हवी.

कथा मंगळाच्या फोबोस या चंद्रावरच्या वस्तीची आहे. बारा वर्षांपूर्वी युद्ध झालं तेव्हा वस्तीने स्वतःभोवती १,००० किमीवर सुरुंगांचं कवच पेरलं. आता शांतता आहे, पण बर्फ घेऊन येणाऱ्या जहाजांना अजून त्यातूनच वाट काढावी लागते. माझी नायिका या जहाजांना वाट दाखवते.

डोळ्यांसमोर समुद्रातला सुरुंग होता. काळोखात एका जागी लटकलेला शिंगांचा गोळा, जहाज जवळ आलं की स्फोट, आणि त्या धक्क्याने जहाजाचे दोन तुकडे. तीन पानं अशी लिहून झाली. मग काल रात्री कागद घेऊन बसले. १,००० किमी त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ साधारण सव्वा कोटी चौरस किमी होतं, म्हणजे आपल्या भारताच्या पावणेचार पट. एका सुरुंगाने आपल्या चहूबाजूंचा एक किमी राखला असं धरलं, तरी ४० लाख सुरुंग लागतात! एवढे सुरुंग करणारी वस्ती बर्फासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे का बघेल?

पण सुरुंग काढले तर कथाच उरत नाही. त्या भीतीवर सगळी कथा उभी आहे. काय करू?

सिन्नरी_खडक

ताई, अंतराळातलं मला फार कळत नाही, पण सुरुंगातलं कळतं. आमच्या वडिलांनी तीस वर्षं विहिरी खोदल्या. सिन्नर, निफाड, दिंडोरी, सगळीकडे. वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊ खडक, आणि त्याखाली काळा पाषाण लागला की पहारीचं काम संपलं, बार भरायचे. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असायचो.

तुमच्या गोष्टीतलं मला खटकलं ते हे, की स्फोटाला धक्का द्यायला काहीतरी लागतं. लोकांना वाटतं, खडक दारू फोडते. खडक फोडतो तो कोंडलेला वायू. कॉम्प्रेसरने भोक पाडायचं, कांड्या सोडायच्या, आणि मग वरून ओल्या मातीच्या वळकट्या करून लाकडी दांड्याने ठासायच्या. वडील ते काम दुसऱ्या कुणाला देत नसत. माती कोरडी नको, खडे असलेली नको, कणकेसारखी मळलेली हवी. एकदा नवीन गड्याने घाईत दोन भोकांत माती नुसतीच लोटली. बार झाला, आवाजही मोठा झाला, वर धुराचा फवारा गेला. खाली उतरून बघितलं तर त्या दोन भोकांची तोंडं तेवढी काळी झालेली, खडक जागच्या जागी. वडील म्हणाले, "वाऱ्यात गेला."

तुमच्या फोबोसपाशी तर वाराही नाही. समुद्रात सुरुंगाच्या चारही बाजूंनी पाणी असतं, आणि पाणी दबत नाही, म्हणून धक्का थेट जहाजाच्या बुडाला पोचतो. जमिनीतल्या सुरुंगाला मातीचा आधार असतो. पोकळीत वायूला धरून ठेवणारं कोणी नाही आणि धक्का पुढे नेणारंही कोणी नाही. सुटला की पसरत जाणार, अंतर दुप्पट झालं की जोर चौथाई. जहाजाला चिकटून फुटला तरच काही होईल. शंभर मीटरवर फुटला तर आतल्या माणसाला कळणारही नाही. तुमच्या त्या तीन पानांतला धक्का आधी काढा.

देवळाली_तोफखाना

सिन्नरकरांनी नेमकं सांगितलं. मी तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळालीलाच स्थायिक झालो, त्यामुळे पुढचं मी सांगतो.

धक्का गेला तरी किरचा राहतात. गोळा हवेत फोडतो तेव्हाही दूरवर खरं काम किरचाच करतात. समजा, तुमच्या सुरुंगातून एक लाख किरचा सगळीकडे सारख्या उडाल्या. एक किमीवर दर सव्वाशे चौरस मीटरला एक किरच पोचते. ५० मीटर लांब आणि २० मीटर रुंद जहाजाला आठेक लागतील. दहा किमीवर हेच प्रमाण शंभर पटींनी विरळ होतं, तिथे बहुधा एकही लागणार नाही. तुमचा एक किमीचा अंदाज चांगला होता.

अडचण वेळेची आहे. जहाज सेकंदाला ३ किमी वेगाने येतंय असं धरू. किरच सेकंदाला दीड किमी जाते. एक किमीवरून जहाज जात असताना सुरुंग फुटला, तर किरचा तिथे पोचेपर्यंत जहाज दोन किमी पुढे गेलेलं असेल. म्हणजे जहाज यायच्या आधी, ते कुठे असणार याचा अंदाज बांधून फुटायला हवं. त्यासाठी सुरुंगाला लांबवर पाहता आलं पाहिजे, हिशेब करता आला पाहिजे, आणि शक्य तर स्वतःला थोडं सरकताही आलं पाहिजे. असं करू शकणारी वस्तू म्हणजे झोपलेलं क्षेपणास्त्र. अमेरिकी नौदलाकडे कॅप्टर नावाचा असाच सुरुंग होता. समुद्राच्या तळाशी नांगरलेल्या नळीत टॉर्पेडो बसलेला असे, आणि पाणबुडीचा आवाज ओळखला की तो सुटत असे. असे ६०० डबे ठेवा, ४० लाख नकोत. वाटा मोजक्याच असतात, त्याच राखायच्या.

आणि दारूची गरज आहे का, तेही बघा. सेकंदाला ३ किमी वेगाने आदळणाऱ्या दगडात साधारण तेवढ्याच वजनाच्या टीएनटीइतकी ऊर्जा असते. वाटेत वाळू पसरली तरी जहाज स्वतःच्या वेगाने स्वतःला फोडून घेईल.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, कारण ती तुमच्या कथेच्या कामाची आहे. १९०७ च्या हेग कराराने समुद्री सुरुंगांना नियम घातले. नांगर तुटून सुरुंग मोकळा झाला, तर तो निकामी झाला पाहिजे. बिननांगराचा सोडला, तर सोडणाऱ्याचा ताबा सुटल्यावर जास्तीत जास्त तासाभरात निकामी झाला पाहिजे. वाहता सुरुंग कुणाचाच नसतो, म्हणून हा नियम. अंतराळात नांगर टाकायला तळच नाही. तिथला प्रत्येक सुरुंग वाहता.

अंजनेरी_दुर्बीण

"एका जागी लटकलेला" याबद्दल. फोबोसचं गुरुत्व इतकं क्षीण आहे की ताशी ४० किमीच्या थोड्या जास्त वेगाने दगड भिरकावला तर तो परत येत नाही. १,००० किमीवर ठेवलेला सुरुंग फोबोसभोवती फिरणारच नाही, तो मंगळाभोवती आपल्या कक्षेत फिरेल. मंगळाच्या जवळचे सुरुंग फोबोसच्या पुढे पळतील, लांबचे मागे पडतील. दोन-तीन दिवसांत कवच मोडून मंगळाभोवती एक विस्कटलेलं कडं तयार होईल. बारा वर्षांनी कुठला सुरुंग कुठे असेल ते केवळ ज्याच्याकडे नोंदवही आहे त्यालाच ठाऊक. मला तर हेच चित्र जास्त भयंकर वाटतं.

खऱ्या इतिहासातलंही थोडं घ्या. सोव्हिएत युनियनने १९६८ मध्ये एक उपग्रह दुसऱ्याच्या जवळ नेऊन फोडला आणि किरचांनी त्याला नष्ट केलं. म्हणजे तुमचा सुरुंग होऊन गेलेला आहे. १९६३ मध्ये अमेरिकेने वेस्ट फोर्ड प्रयोगात तांब्याच्या ४८ कोटी सुया कक्षेत सोडल्या होत्या. हेतू रेडिओसंदेश परावर्तित करण्याचा होता, पण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी तेव्हा कडाडून विरोध केला. त्या सुयांचे काही गुच्छ नंतर अनेक वर्षं वर फिरत होते. आणि १० फेब्रुवारी २००९ ला इरिडियम ३३ आणि बंद पडलेला कॉसमॉस २२५१ हे उपग्रह सेकंदाला साडेअकरा किमीहून जास्त वेगाने एकमेकांवर आदळले. दारूचा कणही नव्हता, तरी हजारो तुकडे झाले.

उंचीही महत्त्वाची आहे. चीनने २००७ मध्ये ८६५ किमीवर स्वतःचा उपग्रह फोडला, त्याचे असंख्य तुकडे अजून फिरताहेत. आपण २७ मार्च २०१९ ला केलेली चाचणी तीनशे किमीच्या आत होती, म्हणून बहुतेक तुकडे वातावरणात शिरून जळाले. मंगळाची हवा विरळ आणि फोबोस ६,००० किमी उंच, तेव्हा तुमच्या कड्याला खाली ओढणारं काही नाही.

लपण्याचं म्हणाल, तर सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावरची काळी वस्तू शून्याच्या वर पाच-सात अंशांवर असते, मंगळापाशी त्याहून बरीच थंड. पण मागचं आकाश उणे २७० अंशांचं. अवरक्त दुर्बिणीला ती दिसणार, फक्त लहान असल्याने उशिरा दिसणार.

गोदाकाठची

काय लिहू, सकाळपासून तीनदा वाचलं. धक्का काढला, लटकणं काढलं, ४० लाखांचे ६०० केले. वाहत्या सुरुंगाचा नियम वाचून तर अंगावर काटा आला. वस्तीच्या लोकांनी ताब्याचा संकेत जपून ठेवला होता आणि युद्धातल्या एका आगीत तो गेला, असं आता लिहिते आहे. म्हणजे आपलेच सुरुंग आपल्याला ओळखत नाहीत.

एकच अडचण उरली. स्फोट पोकळीत ऐकू येत नाही, दिसतो तोही क्षणभर. मग वाचकाला भीती कशाची वाटावी? सिन्नरकर दादा, तुम्ही प्रत्यक्ष जवळून पाहिलंय. वडिलांना भीती कशाची वाटायची?

सिन्नरी_खडक

ताई, उडालेल्या बाराची त्यांना कधीच भीती वाटली नाही. न उडालेल्याची वाटायची.

वातीवर बार भरायचे तेव्हा प्रत्येक वात थोडी कमी-जास्त लांबीची ठेवायचे, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. वडील वर येऊन बांधावरच्या बाभळीमागे बसायचे आणि बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवायचे. एक आवाज, एक पेर. तेव्हा कुणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. बारा भोकं भरली आणि बारा मोजले की "झालं" म्हणून उठायचे. एकदा निफाडकडच्या एका मळ्यात अकरा झाले आणि अंगठा अकराव्या पेरावरच राहिला. दोन आवाज एकदम झाले असतील, असं मळेवाला म्हणत होता. वडील हललेच नाहीत. त्या दिवशी विहिरीत कुणाला उतरू दिलं नाही. मळेवाला मजुरीवरून बोलला, वडिलांनी ऐकून घेतलं. रात्री जेवतानाही अंगठा बोटांवरून फिरत होता.

तुमच्या नायिकेला स्फोट दाखवू नका. तिला मोजू द्या.

गोदाकाठची

दादा, हेच हवं होतं. पहिलं वाक्य बदललं: "वस्तीने सोडलेल्या सहाशेंपैकी पाचशे एक्याऐंशी डब्यांचा हिशेब लागला होता." पुढची सगळी कथा त्या एकोणिसांची.

एक विचारू? दुसऱ्या दिवशी त्या विहिरीत पहिल्यांदा कोण उतरलं?

सिन्नरी_खडक

वडीलच. पुरी रात्र जाऊ दिली, उजेड तळापर्यंत पोचल्यावर उतरले. बाकीच्यांना बांधाच्या पलीकडे बसवलं होतं. अर्धा तास लागला, तेव्हा खालून हाक आली, बार खरंच राहिला होता. यारीचा ब्रेक माझ्या हातात होता. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो.