रंगाचा रेणू सुतावरून सरकतो की उडी मारतो?

खासबागचा रंगारी:
आमचं सुती लड्या रंगवायचं काम. रिॲक्टिव्ह रंग, मीठ, शेवटी सोडा. लडीचा जो भाग आधी बुडतो तो गडद होतो. दांड्यावर फिरवत राहिलं की गडदपणा पसरून लडी एकसारखी येते. पण सोडा पडला की कितीही फिरवा, डाग हलत नाही. रंग सुतावरून सरकत जातो काय? नीट सांगा की ओ कुणीतरी.

अनगोळकर:
सरकतच असणार. एका जागेवरून शेजारच्या जागेवर, तिथून पुढं.

निपाणीचे मास्तर:
कोरड्या पृष्ठभागावर तसंच. पाणी आलं की मात्र दुसरी वाट उघडते. रेणू सुटतो, पाण्यातून भटकतो आणि लांब कुठंतरी पुन्हा चिकटतो. बायचुक आणि ओशॉनेसी या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात हे गणितानं मांडलं. २०१३ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत श्वार्ट्झ या संशोधकांच्या गटानं एकेक चमकणारा रेणू पाहून दाखवलं. उजेड पृष्ठभागालगतच्या साधारण १०० नॅनोमीटरच्या थरापुरताच शिरू द्यायचा, म्हणजे चिकटलेले रेणू तेवढे ठिपक्यासारखे दिसतात. ठिपका एका जागी रेंगाळतो आणि मग एकदम दुसरीकडं. खानापूरच्या भातखाचरात बगळा बघा, तसाच.

रंगारीदादा, तुमची लडी एकसारखी होते ती मुख्यतः या सुटण्या-चिकटण्यानं. सोडा पडला की रंग सुताशी रासायनिक बंधानं जोडला जातो, मग सुटणार कसा? मिठाचंही तसंच थोडं. पाण्यात सुतावर ऋण भार, रंगावरही ऋण भार. मीठ त्यांच्यातलं ढकलणं कमी करतं, रंग जास्त धरतो आणि उड्या कमी होतात. म्हणून मीठ एकदम न टाकता थोडं थोडं घालावं. एक मात्र लक्षात असू दे, रंग धाग्याच्या आतही मुरतो, तेव्हा प्रयोगातल्या सपाट काचेवरचा हिशेब सुताला जसाच्या तसा लावता येत नाही.

खासबागचा रंगारी:
मग पाणी जास्त तापवलं तर उड्या वाढतील की, मास्तर?

निपाणीचे मास्तर:
वाढतील. सुटायला ऊर्जा लागते, ती उष्णतेतून मिळते. पण त्याच कारणानं सूत रंग कमी धरतं आणि भांड्यात जास्त उरतो. शिवाय प्रत्येक रिॲक्टिव्ह रंगाचं तापमान वेगळं, त्यामुळं डब्यावरचं बघूनच ठरवा.