घारापुरीच्या तोफा, माकडं आणि शेवटची लाँच (छोट्या बेटांवरच्या भटकंतीचे अनुभव लिहा)

दर्याकाठी
लेक शनिवारी कॉलेजच्या गँगबरोबर एलिफंटाला चाललीय. काल रात्री विचारते, "आई, लेणी बघून झाली की पुढे काय करायचं तिथे? बोअर होईल ना?" झालं! मी सुरूच झाले. पाच मिनिटांत तिने कानात इअरफोन घातले, म्हणून आता तुमचं डोकं खाते.

आमची दिवाळीची सुट्टी, खिशात जेमतेम लाँचचे पैसे. गेटवेहून तासाभरात घारापुरी. धक्क्यावरची झुकझुक गाडी परवडणारी नव्हती, चालतच निघालो. पायऱ्यांवर दोन्हीकडे दुकानं आणि वर निळी ताडपत्री, त्या उजेडात सगळ्याजणी निळ्या दिसत होत्या. त्रिमूर्तीपाशी एक गाइड पाहुण्यांच्या ग्रुपला शिवाची तीन मुखं समजावत होता, एका बाजूला अघोर, मध्ये तत्पुरुष, दुसरीकडे वामदेव. आम्ही मागे उभं राहून सगळं फुकटात ऐकून घेतलं.

पण खरी मजा लेण्यांच्या डोक्यावरच्या टेकडीत. वर दोन अवाढव्य तोफा आहेत, गोल फिरणाऱ्या बैठकीवरच्या. वाटेत एकीच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने ओढणीची किनार टरकावून तो बांधला आणि आमच्या आधी वर पोचली. खाली बुचर बेटावरच्या तेलाच्या टाक्या, पलीकडे न्हावाशेवाच्या क्रेन, आणि मुंबई म्हणजे नुसती धूसर रेघ. तोफेवर बसून दशम्यांचा डबा उघडणार, तोच माकडाने तो पळवला. शांतपणे दशम्या संपवल्या, ठेचा मात्र हुंगला आणि आमच्या दिशेने भिरकावला. मेलं पुणेरी असणार.

तुमचंही येऊ द्या. बेट छोटं हवं, डोंगर हवा, मित्रमंडळी हवीत.

चहाबाज
पुणेरी माकड 😂😂 ठेच्याला नावं ठेवून दशम्या खाल्ल्या म्हणजे नक्कीच!

कढीपत्ता
दशम्या दुधातल्या की ताकातल्या? प्रवासाला माझ्या दुसऱ्या दिवशी कडक होतात.

मीनाताई_ठाणे
सोमवारी जाऊ नका!! लेणी बंद असतात. आमचं अख्खं महिला मंडळ सोमवारी पोचलं होतं. मग काय, टेकडी चढलो, चिंचा-बोरं-पेरू खाल्ले, परत आलो. गुडघे अजून बोलतात.

उरणकर
सगळे गेटवे गेटवे करतात. आम्ही उरणच्या मोरा धक्क्याहून जायचो, महाशिवरात्रीला तर उरणचं अर्धं गाव तिकडे असतं. बेटावर राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर अशी तीन गावं आहेत, टूरिस्ट एकाच धक्क्यावर उतरतात आणि तिथूनच वळतात. आम्ही मित्र बेटाला वळसा घालायला निघालो होतो. भरती आली, खाजणात गुडघाभर चिखल, पुढे वाट नाही. शेवटी मोराबंदरला एका आजीच्या ओट्यावर बसलो. तिने आधी शिव्या दिल्या, मग चहा दिला. तेव्हा वीज नव्हती तिथे, संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर लागायचा तेवढंच. समुद्राखालून केबल येऊन वीज यायला २०१८ उजाडलं. आणि समोर अख्खी मुंबई रात्रभर लखलखतेय! आजी म्हणाली, "त्या दिव्यांचा आमाला काय उपयोग, मासं निवडायला?" लाँच गेलीच होती, तिच्याच मुलाने होडीने मोऱ्याला सोडलं. पैसे घेईना.

दर्याकाठी
@उरणकर दादा, ही आजी म्हणजे वेगळा धागा आहे. लिहाच. @कढीपत्ता दुधातल्या, आणि तेल जरा सढळ हाताने.

निवांत
ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी नाव ठेवलं तो हत्ती बेटावर नाहीच, भायखळ्याला आहे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. उचलून न्यायच्या खटपटीत फुटला, नंतर जोडला. माझ्या पोराने बेटावर "हत्ती कुठाय" म्हणून भोकाड पसरलं होतं, पुढच्या रविवारी राणीच्या बागेत नेऊन दाखवावा लागला. तिथेही त्याला जिवंतच हवा होता.

हाँगकाँगची_सून
आमच्याकडे लामा बेट. सेंट्रलहून फेरी घ्यायची, युंग शू वानला उतरायचं आणि टेकड्यांवरून चालत पलीकडे सोक कू वान, रमतगमत दीड-दोन तास. बेटावर मोटारगाड्या नाहीत. वाटेत समुद्रकिनारा इतका सुंदर आणि बरोब्बर बाजूला वीजकेंद्राच्या तीन धिप्पाड चिमण्या! आम्ही मराठी मंडळी चिनी नववर्षाच्या सुट्टीत गेलो होतो. वाटेवर टोफूची गोड खीर मिळते, आल्याच्या पाकातली. नवऱ्याने एक चमचा खाल्ला आणि म्हणाला, "खरवस का नाही म्हणत सरळ!" तीन वाट्या संपवल्या. सोक कू वानला सीफूडची हॉटेलं ओळीने, आणि आमच्यात चार शाकाहारी. त्यांनी भात आणि शेंगदाणे खाल्ले. अजून ऐकवतात.

कढीपत्ता
खरवस!! रेसिपी द्या ना

हाँगकाँगची_सून
व्यनि (खाजगी निरोप) करते गं. सोयाबीन रात्रभर भिजवावं लागतं, मुलं झोपली की लिहिते.

गडकोट_वेडा
खांदेरी राहिलं की! थळहून होडी करायची. शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६७९ मध्ये बांधायला घेतला, इंग्रजांनी जंग जंग पछाडलं तरी काम थांबलं नाही. गेल्या वर्षी, २०२५ ला, जागतिक वारशात आलाय. वर १८६७ चं दीपगृह आहे. एक दगड आहे, दुसऱ्या दगडाने वाजवला की भांड्यासारखा टणटण वाजतो. आमच्या ग्रुपमधल्या तबलजीने त्याच्यावर केरवा धरला, बाकीचे नाचले. खाली वेताळाचं देऊळ, कोळी लोकांची फार श्रद्धा, तिथे मात्र हळू बोला. उतरताना होडी आणि धक्का यांच्यात लाट आली की काय होतं ते माझ्या मोबाइलला विचारा.

चहाबाज
मोबाइल काय म्हणतो?

गडकोट_वेडा
तांदळाच्या डब्यात आठवडाभर होता. आता डब्याला रेंज येते.

मीनाताई_ठाणे
😂😂😂

निवांत
@दर्याकाठी लेकीला सांगा लाइफ जॅकेट घालून बसायचं, फोटोपुरतं काढायचं नाही. डिसेंबर २०२४ च्या लाँच अपघातानंतर तरी ह्यात हयगय नको.

दर्याकाठी
सांगितलं. "हो गं आई" आलं. इअरफोन काढून म्हणाली हे विशेष. आणि आता तिला तोफा बघायच्यात, पण डबा नेणार नाही म्हणते, वर मॅगी मिळते का विचारतेय. मिळते का कुणाला माहीत?

उरणकर
पायऱ्यांशी मिळते. वर काही नाही, पाणी खालूनच भरून न्या. बाटली पिशवीत आत ठेवा, हातात दिसली की गेली.