ताप उतरत नाहीये आणि सीटीत अ‍ॅड्रिनलची गाठ, संबंध असू शकतो का?

माझ्या मोठ्या भावाला बरेच आठवडे ताप येतोय, मलेरिया टायफॉइड टीबी ब्लड कल्चर सगळं करून झालं, कशातच काही नाही, फक्त ईएसआर आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) खूप वाढलेत आणि हिमोग्लोबिन उतरलंय. आता पोटाच्या सीटीत उजव्या किडनीच्या वरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर गाठ दिसली. एक डॉक्टर म्हणतात गाठीचा तापाशी संबंध नाही, दुसरे म्हणतात सुई घालून बायोप्सी करू. नुसत्या गाठीने एवढा ताप येतो का हो? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा, घरात सगळे घाबरलेत.

प्रतिसाद १
येऊ शकतो. क्वचित दिसतं पण फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असते, ती अ‍ॅड्रिनॅलिनसारखी हार्मोन्स सोडते आणि काहींमध्ये इंटरल्यूकिन-६ (शरीरात दाह वाढवणारं प्रथिन) पण सोडते, त्यानेच ताप येतो आणि सीआरपी चढतं, म्हणून सगळं इन्फेक्शनसारखं दिसतं. अर्थात अ‍ॅड्रिनलमध्ये टीबी किंवा लिम्फोमाही (एक प्रकारचा कॅन्सर) होतो, त्यामुळे आत्ताच शिक्का मारू नका. पण मेटानेफ्रिनची (याच हार्मोन्सपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची) टेस्ट झाल्याशिवाय बायोप्सी अजिबात करू देऊ नका! ही गाठ असेल तर सुई लागल्यावर बीपी एकदम भडकून जिवावर बेतू शकतं. डोकेदुखी, धडधड, दरदरून घाम असं काही होतं का त्यांना?

प्रश्नकर्ती
हो, घाम येतो! पण ताप उतरताना येतोच ना, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मधेच चेहरा पांढराफटक पडतो, छातीत धडधडतं म्हणतो, आणि थोड्या वेळाने परत नॉर्मल.

प्रतिसाद २
ताई, हे अगदी असंच्या असं डॉक्टरांना सांगा, आणि तो झटका आला की लगेच बीपी मोजून लिहून ठेवा, नंतर मोजलं तर नॉर्मल येऊ शकतं. माझ्या मावशीची ही टेस्ट झालीये म्हणून सांगते, रक्त द्यायच्या आधी वीस-तीस मिनिटं शांत आडवं पडायचं असतं, बसून घेतलं तर आकडा उगाच वाढतो. आणि तापासाठी पॅरासिटामॉल चालू असणारच, ते लॅबला आवर्जून सांगा, काही पद्धतींमध्ये त्याने रिपोर्ट चुकतो. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही तसं होतं. रक्ताऐवजी २४ तासांची लघवी जमा करूनही करतात.

प्रतिसाद ३
वरचं सगळं बरोबर. एन्डोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोन्सच्या डॉक्टरांना) दाखवाच. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ऑपरेशनची घाई करत नाहीत, आधी साधारण ७ ते १४ दिवस अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देऊन बीपी ताब्यात आणतात. धडधडीसाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारं औषध) लागला तर तो अल्फा ब्लॉकर नीट लागू झाल्यावरच, आधी दिला तर बीपी उलट वाढतं. तोपर्यंत उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा कुठलंही स्टिरॉइड कुणी देत असेल तर आधी गाठीबद्दल सांगा, त्यानेही बीपी भडकू शकतं. गाठ निघाल्यावर तिच्यामुळे येणारा तापही जातो. हा आजार बऱ्याच जणांत आनुवंशिक असतो, निदान पक्कं झालं तर जेनेटिक टेस्टबद्दलही विचारा, तुम्ही सख्खी भावंडं आहात.

प्रश्नकर्ती
बायोप्सी थांबवायला आत्ताच फोन केला. मेटानेफ्रिनचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.