खाडीतल्या २२० केव्ही टॉवरवर स्ट्रिंग बदलायच्या आहेत, शेजारचं सर्किट चालू राहणार. गँगचं नियोजन कसं करावं?

खाडीकाठचा_जेई
नमस्कार मंडळी. ठाणे खाडी ओलांडणारी २२० केव्ही डबल सर्किट लाइन (एकाच टॉवरवर दोन सर्किट), झेब्रा जातीचा कंडक्टर म्हणजे तार, खाडीतले चार सस्पेन्शन टॉवर. स्ट्रिंग, म्हणजे तार टॉवरला टांगणाऱ्या इन्सुलेटरच्या माळा, जुन्या, १४ साध्या पोर्सेलिन डिस्कच्या. थंडीत पहाटे दव पडलं की ट्रिपिंग होतं, म्हणून सर्किट १ च्या बाराही स्ट्रिंग पॉलिमर लाँग रॉडने (एकसंध दांड्याच्या इन्सुलेटरने) बदलायचं ठरलंय. डिसेंबरमध्ये ८ ते ५ असं आउटेज मिळेल, सर्किट २ चालूच राहील. माणसं १४, त्यातले वर चढणारे ६. तीन टॉवरपर्यंत होडीनेच जावं लागतं.

एका दिवसात काम बसेल का? चालू सर्किटमुळे बंद तारेत येणाऱ्या दाबासाठी (इंडक्शन) अर्थिंग, म्हणजे तार जमिनीशी जोडणं, नेमकं कुठे नि कसं करायचं? वरिष्ठांपैकी एकाचं म्हणणं आहे की दोन्ही सबस्टेशनचे अर्थ स्विच लागले की पुरे. आणि पॉलिमरच का, त्याच जागी चार डिस्क वाढवल्या तर काय बिघडतं, हेही गँगमधून विचारलं जातंय.

लाइन_क्लिअर
सबस्टेशनचे अर्थ स्विच पुरे, हे म्हणणं आधी मोडून काढा. माणसं त्याच भरवशावर वर चढतात आणि जिवानिशी जातात.

सर्किट २ मधून शेकडो अँपिअर वाहत असताना सर्किट १ वर दोन प्रकारांनी दाब (व्होल्टेज) येतो. लाइन दोन्हीकडे उघडी असेल तर कपॅसिटिव्ह इंडक्शनने कंडक्टर हजारो व्होल्टवर तरंगतो. दोन्ही टोकं अर्थ केली की तो दाब उतरतो, पण आता बंद लूप तयार झालेला असतो आणि त्यातून चुंबकीय इंडक्शनचा करंट फिरत राहतो. मधल्या टॉवरवर कंडक्टर आणि टॉवरची बॉडी यांच्यात फरक उरतोच. शिवाय सबस्टेशन आणि टॉवर यांची जमिनीची पातळी एकसारखी नसते. लाइनमनचा एक हात क्रॉस आर्मला आणि दुसरा क्लॅम्पला लागतो. ती दोन ठिकाणं एकाच पातळीवर आणायची तर लोकल अर्थ त्याच टॉवरवर हवा.

क्रम असा. लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद केल्याचं परमिट, हातात आलं, मेसेज नंबर लिहून घेतला, समोरच्याने तो परत वाचून दाखवला. टॉवरखाली उभं राहून लाइनचं नाव, टॉवर नंबर आणि सर्किटची पाटी परमिटशी मोठ्याने ताडून बघा. ऐरोली-मुलुंड पट्ट्यात समांतर लाइनी आहेत, चुकीच्या टॉवरवर चढणं तिथे अगदी सोपं आहे. चालू बाजूच्या क्रॉस आर्मच्या मुळाशी लाल झेंडी बांधा, त्यापलीकडे पाय पडता कामा नये. मग दाब आहे का ते दाखवणारा डिटेक्टर: आधी चालू लाइनवर किंवा टेस्टरवर तपासा, मग आपल्या फेजवर लावा, मग पुन्हा तपासा. त्यानंतर तारेत उरलेला विद्युतभार जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड.

अर्थ क्लॅम्प आधी टॉवरला, नंतर काठीने कंडक्टरला. काढताना आधी कंडक्टरचा, शेवटी टॉवरचा. खालून चढताना जवळचा म्हणजे खालचा फेज पहिला, उतरताना वरचा आधी मोकळा. खाडीतल्या टॉवरवर गंज आणि जुना रंग असतो, त्यावर क्लॅम्प नुसता आवळला तर संपर्कच होत नाही. वायर ब्रशने अँगल चकचकीत करून मगच आवळा. कंडक्टरकडचा क्लॅम्प आर्मर रॉडच्या (तारेभोवती गुंडाळलेल्या संरक्षक सळयांच्या) पुढे मीटरभर घ्या आणि वायरला पुरेशी ढील ठेवा, नाहीतर कंडक्टर उचलताना तोच निसटतो. काढताना ठिणगी उडते, तेव्हा काठी ठामपणे एका झटक्यात ओढायची, घुटमळायचं नाही.

सर्किट २ चं ऑटो रिक्लोज (ट्रिप झाल्यावर आपोआप पुन्हा चालू होणं) त्या वेळात बंद ठेवायची मागणी आउटेजच्या अर्जातच लिहा. आणि तारीख भार प्रेषण केंद्राकडून लवकर पक्की करून घ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघे पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्या लागोपाठ गेल्या आणि मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या. एक सर्किट काढलं की दुसऱ्यावर किती भार येतो हे ते बघणारच, आयत्या वेळी नकारही देतील. डिसेंबरातला रविवार मागा.

स्ट्रिंग_आणि_शॅकल
डिस्क वाढवण्याचं गणित गँगला कागदावर दाखवा, पटतं. अतिप्रदूषित किनाऱ्यासाठी क्रीपेज (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) ३१ मिमी प्रति केव्ही धरतात, आणि २२० केव्ही लाइनचा कमाल दाब २४५ केव्ही, म्हणजे २४५ × ३१ = ७५९५ मिमी. साध्या डिस्कचं क्रीपेज २९२ मिमी, १४ चे होतात ४०८८. जेमतेम निम्मं! ४३२ मिमीच्या अँटी-फॉग (खोल कडांच्या) डिस्क घेतल्या तरी १४ चे ६०४८ होतात. आकडा गाठायला १८ लागतात आणि स्ट्रिंग २०३० मिमीवरून २६१० वर जाते. म्हणजे कंडक्टर ५८ सेंमी खाली येतो आणि वाऱ्यात झुलताना टॉवरच्या बॉडीच्या जवळ सरकतो. टॉवर त्या लांबीसाठी बांधलेला नाही. पॉलिमरमध्ये तेवढ्याच लांबीत पूर्ण क्रीपेज मिळतं, आणि शंभर किलोच्या आसपासच्या स्ट्रिंगऐवजी पंधरा किलोच्या आतला दांडा वर न्यायचा असतो.

आता भार. झेब्राचं वजन १.६२ किलो प्रति मीटर. स्पॅन (दोन टॉवरमधलं अंतर) बघू नका, वेट स्पॅन (जिचं वजन त्या टॉवरवर येतं ती तारेची लांबी) बघा, कारण खाडीचे टॉवर उंच असल्याने तो जास्त भरतो. ४५० मीटर धरला तर ७३० किलो. दीड टनाची चेन पुली कागदावर पुरते, पण मी ३ टनाचीच सांगेन. तिच्याबरोबर वेगळी वायर रोप स्लिंग कंडक्टरखालून घेऊन क्रॉस आर्मच्या मुख्य अँगलला बांधा, ढील फूटभर. ती नसेल तर चेन दगा देईल त्या क्षणी भार पेलायला दुसरं काहीच नसतं. ब्रेसिंगच्या बारीक अँगलला काहीही बांधू देऊ नका.

चेनने उचलून स्ट्रिंग दोन-तीन इंच सैल झाली की आधी कंडक्टरकडचा जोड सोडा, मग क्रॉस आर्मचा. नवीन लावताना आधी क्रॉस आर्म, मग कंडक्टर. भार हळूहळू परत द्या आणि दोन्ही टोकांच्या क्लिप बोटाने चाचपल्याशिवाय चेन काढू नका. नुसती दिसली म्हणजे बसली असं नाही, ती पूर्ण आत गेलेली असायला हवी.

सगळ्यात धोक्याची गोष्ट टोकाच्या बॉल-सॉकेट जोडाची. १६ मिमीचा बॉल २० मिमीच्या सॉकेटमध्ये अगदी आरामात बसतो, आणि भार आला की निसटतो. जुनं हार्डवेअर आणि नवीन दांडे वेगवेगळ्या मापाचे असू शकतात. गो/नो-गो गेज (माप बरोबर आहे की नाही दाखवणारं साधन) घेऊन सगळे नग गोदामातच तपासा, होडीत नव्हे.

पॉलिमरवर पाय नको, शिडीसारखा वापर तर नाहीच. दोर दांड्याला न बांधता टोकाच्या धातूला बांधा. शेड (दांड्यावरची छत्री) फाटली किंवा टोकाचं सील सुटलं तर तो नग बाजूला, कारण तिथून पाणी आत गेलं की फायबरचा गाभा ठिसूळ होऊन तुटतो. कोरोना रिंग (टोकाचा विद्युत ताण पसरवणारं धातूचं कडं) कंडक्टरच्या बाजूला, आणि उलटी लागलेली नाही हे खालून दुर्बिणीने बघा.

भांगाची_भरती
वेळेचं बोलतो. आउटेज ९ तासांचं असलं तरी परमिट आणि अर्थिंग होईपर्यंत दहा वाजतात, आणि चारला आवरायला घ्यावं लागतं. हातात तास सहा. सराईत गँगलाही एका स्ट्रिंगला तास-सव्वा तास जातो, वर साहित्य चढवण्याचा वेळ वेगळा. तीन-तीन चढणाऱ्यांच्या दोन गँग करा आणि दर गँगला रोज एकच टॉवर, म्हणजे तीन स्ट्रिंग. दोन दिवस मागून घ्या. एका दिवसात बारा बसवायला गेलात तर शेवटच्या दोन स्ट्रिंगला क्लिप चाचपली जाणार नाही.

वार पक्का करण्याआधी तिथी बघा. कोळी बांधवांचा हिशेब माहीत असेलच: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, सकाळ-संध्याकाळ दोन्ही. माणसं सकाळच्या भरतीला टॉवरवर सोडता येतात आणि संध्याकाळच्या चढत्या पाण्यात परत आणता येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नेमकं उलटं होतं: भरती दुपारी, आणि जाता-येता गुडघ्याच्या वर चिखल. तरी भरतीचं छापील कोष्टक ताडून बघा. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं, म्हणून आधीच्या पंधरवड्यात त्याच तिथीला होडी टॉवरला लागते का ते एकदा जाऊन पाहा.

दुपारी वारा खाडीवर समुद्राकडून फिरतो. लोंबता दोर चालू सर्किटकडे जाऊ शकतो, आणि खारट ओला दोर करंट वाहून नेतो. म्हणून वरचा फेज सकाळी उरका आणि प्रत्येक दोराचं खालचं टोक एका माणसाच्या हातात असू द्या.

कांदळवनात कोयता चालवू देऊ नका, वाट करण्यापुरताही नाही. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर त्याला न्यायालयाची परवानगी लागते. अडथळा असेल तर कांदळवन कक्षाशी आधी बोला.

खाडीकाठचा_जेई
फार उपयोगी, मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. दुपारच्या ओहोटीत कोणी वर अडकला किंवा जखमी झाला तर? आणि दोन गँगला परमिट एकच की वेगळं?

लाइन_क्लिअर
भांगाला ओहोटीही फार खाली जात नाही, पण होडी टॉवरला बांधून ठेवलीत तर रुतेल. ती चॅनेलमध्ये नांगरून ठेवा, नाखवा होडीतच हवा, आणि टॉवरपासून तिथवर चिखलावर टाकायला फळ्या सोबत न्या. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेला माणूस काही मिनिटांतच गंभीर होतो, म्हणून उतरवायचा दोर आणि पुली सकाळीच क्रॉस आर्मवर लावलेली असावी. कोण उतरवणार तेही आधीच ठरवा, आणि १०८ ची गाडी कुठल्या जेट्टीवर येणार ते सगळ्यांना माहीत हवं.

परमिट तुमच्या नावावर एक, त्याखाली दोन्ही गँग प्रमुखांना वेगळी लेखी पोचपावती. 'पाच वाजता चालू करा' असं वेळेवर ठरवलेलं काहीही चालणार नाही. प्रत्येक अर्थ सेटला क्रमांकाचा बिल्ला लावा. माणसं मोजून खाली, बिल्ले मोजून पेटीत, दोन्ही पावत्या तुमच्या हातात, मगच परमिट परत. त्यानंतर राहिलेला पाना आणायलाही कोणी वर चढायचं नाही.

स्ट्रिंग_आणि_शॅकल
एक राहिलं. उतरवलेल्या स्ट्रिंग धुऊ नका. प्रत्येक टॉवरवरून वरची, मधली आणि खालची अशा तीन डिस्क प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टॉवर आणि फेज लिहून प्रयोगशाळेत द्या. मिठाचा थर, म्हणजे ईएसडीडी, मोजून मिळाला की काठावरच्या टॉवरवर पॉलिमर लागेल की अँटी-फॉग चालेल, हे पुढच्या आउटेजच्या आधी ठरवता येईल. स्ट्रिंग काढलेल्या जागी आर्मर रॉडखालच्या तारा तुटल्यात का आणि डॅम्पर (तारेची थरथर कमी करणारी वजनं) सरकलेत का, तेही त्याच फेरीत बघून फोटो काढून घ्या.