मदत हवी आहे: मैत्रिणींसाठी घडीपुस्तिका करतेय, पण घड्या तडकतात आणि पुठ्ठा वाकतो

नमस्कार मंडळी,

आम्ही मैत्रिणी आता शिक्षण संपवून वेगवेगळ्या गावी जाणार आहोत. त्याआधी पाचही जणींना माझ्या हातची एकेक कागदी भेट द्यायची आहे. क्विलिंगची फुलं, कागदी माळा हे सगळं मला जमतं, पण ते भिंतीवर किंवा कपाटावर जाऊन बसतं. मला अशी वस्तू द्यायची आहे जी त्या अधूनमधून हातात घेतील, उघडतील, परत मिटून ठेवतील. म्हणून घडीपुस्तिका करायचं ठरवलं. लांब पट्टीला एकदा पुढे, एकदा मागे अशा घड्या घालायच्या, दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची कव्हरं लावायची. ताणली की लांब पसरते, मिटली की तळहातावर मावते.

ती ठेवायला ओरिगामीची मासू डबी, म्हणजे चौरस कागदाला नुसत्या घड्या घालून होणारी चौकोनी डबी, केली आहे. तिला गोंद लागत नाही. ए४ कागदातून २१ सेंमीचा चौरस कापला की साधारण ७.४ सेंमी बाजूची डबी होते, ते झाकण. तळासाठी चौरस थोडा लहान, २०.४ सेंमीचा घेतला, म्हणजे झाकण सैलही होत नाही आणि अडकतही नाही. हा भाग छान झालाय. अडचण पुस्तिकेचीच आहे.

पहिली अडचण घड्यांची. गडद निळी कार्डशीट घेतली आहे, २२० जीएसएम (चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाची), ए३ आकाराची. तिच्यातून ७ सेंमी रुंद आणि ४२ सेंमी लांब पट्टी कापते, म्हणजे सहा पानं बरोबर बसतात. संपलेल्या रिफीलनं फूटपट्टीच्या आधारे रेघ दाबून मगच घडी घालते. तरीही घडीच्या पाठीवर रंगाला बारीक चिरा पडतात आणि आतला पांढरट लगदा दिसू लागतो. थोडी उघडझाप केली की कडेपासून चीर आत सरकायला लागते. जी वस्तू उघडण्यासाठीच केली, ती उघडून फाटणार असेल तर काय उपयोग? आणि मला न कळणारी गोष्ट अशी की त्याच शीटमधून कापलेल्या एका शुभेच्छापत्राची घडी अगदी सुरेख आली. कागद तोच, हात तोच, मग फरक कशामुळे?

दुसरी अडचण कव्हरची. पुठ्ठ्यावर नक्षीचा पातळ कागद पांढऱ्या गोंदानं चिकटवते. चिकटवताना सपाट दिसतो, पण वाळल्यावर पुठ्ठा दोन्ही कडांनी वर येतो आणि पुस्तिका नीट मिटतच नाही.

तिसरा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. पाचांपैकी एक मैत्रीण पाहू शकत नाही. ती ब्रेल वाचते. बाकीच्या चौघींना फोटो, चिठ्ठ्या, चित्रं देऊन तिला मात्र कुणीतरी वाचून दाखवावं लागेल अशी पुस्तिका मला द्यायची नाही. तिची पुस्तिका तिनं एकटीनं बसून उलगडावी. वेगवेगळ्या पोताचे कागद लावायचे डोक्यात आहे. ब्रेल हातानं लिहिता येईल का? आणि फक्त तिचीच पुस्तिका वेगळी न दिसता पाची एका घरातल्या वाटाव्यात यासाठी काय करू?

जाणकारांनी कृपया सांगा. नवीन सामान आणायची तयारी आहे.

प्रतिसाद

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या शुभेच्छापत्रातच आहे. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेला लागतात. त्याला ग्रेन म्हणतात. घडी ग्रेनला समांतर असेल तर तंतू बाजूला सरकतात आणि घडी स्वच्छ येते. आडवी गेली तर तंतू मोडतात, तडा जातो. जाड आणि वरून रंगवलेल्या कार्डात हे लगेच दिसतं. शुभेच्छापत्र तुम्ही योगायोगानं दुसऱ्या दिशेनं कापलं असणार.

तपासायला सोपं आहे. पूर्ण शीट न मोडता आधी लांबीकडून, मग रुंदीकडून हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूनं ती मऊपणे वाकते, घडीची रेघ त्याच बाजूनं हवी. शंका राहिली तर कोपऱ्यातला छोटा चौकोन कापून एका बाजूनं ओला करा. तो गुंडाळायला लागेल. नळी ज्या दिशेनं लांब होईल, ग्रेन त्या दिशेनं.

तुमच्या वर्णनावरून ग्रेन ४२ सेंमीच्या बाजूनं असावा. मग पट्ट्या आडव्या कापा, म्हणजे लांबी २९.७ सेंमी. पानाची रुंदी ७ ऐवजी ६.७ ठेवा, कारण तळाची डबी आतून ७.२ ची आहे आणि कव्हर पानापेक्षा जरासं मोठं, ७ सेंमीचं लागेल. चार पानांना २६.८ सेंमी लागतात. उरलेल्या भागातला दीडेक सेंमी जोडपट्टी म्हणून ठेवून बाकी कापून टाका आणि दुसरी पट्टी तिच्यावर चिकटवा. आठ पानं झाली. पट्टीची उंचीही ६.७ धरली तर एका शीटमधून सहा पट्ट्या, म्हणजे तीन पुस्तिका निघतात. पाच जणींसाठी दोन शीट पुरतील आणि सरावाला दोन पट्ट्या उरतील.

पानांची संख्या सम ठेवण्याचा एक फायदा आहे. दोन्ही कव्हरं पट्टीच्या एकाच बाजूला, मागच्या बाजूला येतात आणि पुढची आठही पानं मोकळी राहतात.

प्रतिसाद

वरच्या उत्तरात थोडी भर. रेघ दाबली की एका बाजूला खाच पडते आणि मागे बारीक उंचवटा येतो. घडी घालताना तो उंचवटा आत गेला पाहिजे, खाच बाहेर. तुमची घडी एकदा पुढे, एकदा मागे आहे, म्हणजे रेघाही आलटून पालटून कागदाच्या दोन्ही बाजूंनी दाबाव्या लागतील. सगळ्या एकाच बाजूनं दाबल्या तर एकाआड एक घडी उलटी जाते आणि तीच आधी तडकते. हे नीट केल्यावरही २२० जड वाटलं तर १६० जीएसएमवर या. फोटो चिकटवल्यावर पानाला आपोआप जाडी येते.

पुठ्ठा वाकण्याचं कारण पाणी. गोंदातलं पाणी पिऊन पातळ कागद फुगतो आणि वाळताना आकसतो. आकसताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. उपाय म्हणजे मागूनही तेवढीच ओढ द्यायची. पुस्तिकेचं टोकाचं पान कव्हरच्या आतल्या बाजूला पूर्ण चिकटतं, ती एक ओढ झालीच. पण बाहेरचा कागद लावून पुठ्ठा रात्रभर नुसता उघडा ठेवू नका. दोन्ही बाजू एकाच बैठकीत लावा आणि लगेच जड पुस्तकांखाली दाबा. वर-खाली रद्दी कागद घाला म्हणजे ओल शोषली जाईल, आणि तासाभरानं ती रद्दी बदला. पुठ्ठा, नक्षीचा कागद आणि पानं, तिन्हींचा ग्रेन उभा, घडीला समांतर हवा. गोंद ब्रशनं पातळ आणि कडेपर्यंत एकसारखा. बहुतेक सुरकुत्या गोंद जास्त झाल्यानंच येतात.

प्रतिसाद

मी स्वतः ब्रेल वाचते, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. आधी तुमचा विचार आवडला हे सांगते. मला भेट आलेली बहुतेक कार्डं मी दुसऱ्याच्या आवाजातच ऐकली आहेत.

ब्रेल हातानं लिहिता येतं, पण कंपासच्या टोकानं अंदाजे ठिपके टोचू नका. एका अक्षराचं घर सहा ठिपक्यांचं असतं, दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. ठिपक्यांमधलं अंतर साधारण अडीच मिलिमीटर. ते थोडं जरी चुकलं तरी बोटाला अक्षर लागत नाही. ब्रेल पाटी (अक्षरांच्या घरांच्या खिडक्या असलेली चौकट) आणि टोचा मिळवा. कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडे टोचायचं असतं, म्हणजे उलटवल्यावर डावीकडून उजवीकडे वाचता येतं. प्रत्येक अक्षर आरशात पाहिल्यासारखं उलटं टोचायचं हे ध्यानात ठेवा.

जागेचा हिशेब आधी करा. एक घर साधारण सहा मिलिमीटर जागा घेतं, म्हणजे ६.७ सेंमीच्या पानावर एका ओळीत जेमतेम दहा घरं. मराठी ब्रेलमध्ये काना-मात्राही स्वतंत्र घर घेतात. तेव्हा एका पानावर एखादं छोटं वाक्यच बसेल. पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मधल्या सहा पानांवर सहा छोटी वाक्यं, प्रत्येकात तुमची एकेक आठवण, हे वाचायला मला तरी फार आवडेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेल शेवटी लिहा. पुस्तिका दाबून वाळवल्यावर, कव्हर लावण्याआधी. आधी लिहिलंत तर पुस्तकांच्या वजनाखाली ठिपके चपटे होतील. त्यासाठी पानं आधी वेगळी दाबून घ्या आणि कव्हर लावल्यावर फक्त टोकाची पानं दाबा, मधली मोकळी सोडा. टोकाच्या पानांवर ब्रेल नको. मिटल्यावरही ठिपक्यांवर भार येऊ नये म्हणून पानांच्या कडेनं कागदाची अरुंद दुहेरी पट्टी चिकटवा.

पोतासाठी लहरी पुठ्ठा, कापूस घातलेला हातकागद, बारीक पॉलिश पेपर असे ठळक फरक निवडा. दोन गुळगुळीत कागद शेजारी आले तर बोटाला काही सांगत नाहीत. लिहून झाल्यावर ब्रेल येणाऱ्या कुणालातरी तपासायला द्या.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. शीट वाकवून पाहिली. ग्रेन खरंच ४२ च्या बाजूनं आहे, त्यामुळे आडव्या पट्ट्याच कापणार. ब्रेल पाटीची चौकशी सुरू केली आहे आणि टोचायचा सराव रद्दी कार्डावर करेन.

वाचताना एक सुचलं. पोताचे कागद आणि ठिपके फक्त तिच्याच पुस्तिकेत का असावेत? पाचही पुस्तिकांच्या दुसऱ्या पानावर आम्हा सगळ्यांची नावं ब्रेलमध्ये घालते आणि खाली शाईनंही लिहिते. तिच्या पुस्तिकेतही शाई असेल, कारण तिच्या घरची माणसं ती हातात घेतीलच. आता एकच विचारायचं राहिलं. निळ्या कार्डावर पांढऱ्या जेल पेननं लिहिलेलं टिकेल का?

प्रतिसाद

पांढरी जेल शाई रंगद्रव्याची असते, सहसा उडत नाही, पण कागदावर वरवर बसते आणि घासली गेली की निघते. पानं एकमेकांवर घासणारच, म्हणून घडीपासून अर्धा सेंमी सोडून लिहा आणि पूर्ण वाळेपर्यंत मिटू नका. लांब चिठ्ठ्या वेगळ्या फिक्या कागदावर रंगद्रव्याच्या काळ्या पेननं लिहून चिकटवलेल्या बऱ्या. फोटोंना साधी चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरतो. गोंदाची कांडी चालेल, कडा मात्र नखानं नीट दाबून घ्या.