साथ आली की जनतेनं गप्प बसायचं?

मुळामुठा
काल एका धाग्यावर वाचलं: "साथीच्या काळात सरकार सोडून बाकी कुणी बोलूच नये. दोन-चार जणांना आत टाकलं की बाकीचे सुधारतात." पुण्यात राहून कुणी असं लिहितं याचा संताप आला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. २०२० मध्ये तोच बाहेर काढला. त्याचं चौथं कलम वाचा: या कायद्याखाली सद्हेतूनं केलेल्या कामाबद्दल कुणावर दावा लावता येत नाही. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड, त्याच्या कमिटीचे सोजीर म्हणजे गोरे शिपाई घरात घुसून माणसं बाहेर काढत, सामान जाळत, तेव्हा लोकांना कोर्टाचं दारच बंद होतं. उरली होती वर्तमानपत्रं. तीही गप्प करायची?

एप्रिल २०२१ मध्ये माझ्या मेव्हण्यासाठी ऑक्सिजन हवा म्हणून आम्ही सगळीकडे मेसेज टाकले. त्यात रुग्णालयाचं नाव होतं. तिथून फोन आला, "मेसेज काढा, नाहीतर तक्रार करू." सिलिंडर मिळाला तो त्याच मेसेजमुळे. ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की अशी मदत मागणाऱ्यांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हे सांगावं लागलं!

कुक्कुटपालक
ते लिहिणारा मीच. आता माझंही ऐका. फेब्रुवारी २०२० मध्ये "कोंबडीतून कोरोना होतो" असा मेसेज फिरला. व्यापारी गाडीच पाठवेना. खाद्य उधारीचं, बँकेचा हप्ता चालू. पिल्लं जिवंत पुरली आम्ही. वडिलांनी त्यानंतर शेडकडे पाहिलं नाही. खुलासा आला, पण गावात पोचेस्तोवर सगळं संपलं होतं. आणि एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात अफवेनं तीन माणसं ठेचून मारली. तुमचं भाषणस्वातंत्र्य आमच्या शेडवर आणून दाखवा.

शनिवारपेठ
मुळामुठा, इतिहास अर्धा सांगू नका. वर्तमानपत्रं म्हणजे टिळकांचा 'केसरी' म्हणायचं असेल, तर ऐका. टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला प्लेगवरच्या अग्रलेखांवर नव्हताच. १५ जून १८९७ च्या 'केसरी'तल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावर होता. शिवाय टिळकांचा विलगीकरणाला विरोध नव्हता, अंमलबजावणीच्या पद्धतीला होता. आणि गोखल्यांचं काय? इंग्लंडमध्ये त्यांनी सांगितलं की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. परत आल्यावर पुरावा देता आला नाही, बिनशर्त माफी मागावी लागली. ऐकीव बोललं की असं होतं.

मुळामुठा
पुरावा देणार कोण होतं? रँडवर २२ जूनला गोळ्या झाडल्यानंतर नातू बंधूंना खटला न चालवता अडकवलं होतं. खुद्द टिळक तुरुंगात गेले. अशा वेळी कुठल्या घरानं आपली बाई साक्षीला उभी केली असती? पुण्याहून गोखल्यांना पत्रांतून हे कळवणाऱ्यांची नावं त्यांनी दिली नाहीत, स्वतः माफी मागितली. मला त्यात त्यांचा मोठेपणा दिसतो.

शनिवारपेठ
मोठेपणा मान्य. पण म्हणून आरोप खरा ठरत नाही.

मुळामुठा
खोटाही ठरत नाही! साक्षीदारांना धाक घालायचा आणि मग पुरावा मागायचा, हीच सरकारची जुनी रीत आहे.

शनिवारपेठ
आवाज चढवून पुरावा तयार होत नसतो. माफी मागितली म्हणून जन्मभर गोखल्यांना नेभळट म्हणणारे आणि आज त्यांना हुतात्मा करणारे तुम्हीच. एकदा ठरवा.

कुक्कुटपालक
माझी पिल्लं पुरली, त्यावर कुणी बोललं नाही. गोखले-टिळक मात्र चालू.

रातपाळी
मी परिचारिका आहे, म्हणून लिहिते. वूहानच्या ली वेनलियांग या डॉक्टरनं ३० डिसेंबर २०१९ ला सहकाऱ्यांना सांगितलं की सार्सचे रुग्ण सापडलेत, सांभाळा. पोलिसांनी त्याला 'खोटं पसरवतोस' म्हणून लेखी समज दिली. फेब्रुवारीत तो कोविडनंच गेला. आता नीट बघा, अक्षरशः धरलं तर त्याचं चुकलंच होतं. तो सार्स नव्हता, त्याच कुळातला नवा विषाणू होता. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं ५४ वं कलम खोट्या इशाऱ्यानं घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद देतं. तो भारतात असता तर याच कलमात अडकला असता. साथीच्या सुरुवातीला पूर्ण खरं कुणाकडेच नसतं हो. आमच्या वॉर्डात पीपीई किट (संरक्षक पोशाख) संपले होते तेव्हा "बाहेर बोलू नका" असं आम्हाला बजावलं. आम्ही रेनकोट घालून काम केलं. दादा, तुमच्या पिल्लांचं वाईट वाटतं. पण कोंबडीचा मेसेज करणारा सापडला का कधी?

कुक्कुटपालक
नाही सापडला.

रातपाळी
पण १४ एप्रिल २०२० ला वांद्र्याला मजुरांची गर्दी झाली, तेव्हा मजुरांसाठी रेल्वेगाड्या सुटणार अशी बातमी देणारा पत्रकार लगेच सापडला. अटकही झाली. कायदा हाताशी येतो त्यालाच पकडतो.

शनिवारपेठ
ती बातमीही तपासून द्यायला हवी होती. पण अटक जास्तच झाली, एवढं म्हणेन.

कुक्कुटपालक
ताई, तुम्ही बोलता ते पटतंय, यांचं नाही पटत. ऑक्सिजन मागणाऱ्याला, किट नाहीत म्हणणारीला हात लावू नये, मान्य. पण लाखोंचं नुकसान करणारा मोकळा सुटतो, त्यावर तुमच्याकडे काय आहे? खुलासा त्याच दिवशी, मराठीत, गावच्या ग्रामसेवकापर्यंत पोचवा आणि माझ्या पिल्लांची भरपाई द्या. मग हवं तेवढं बोलू दे लोकांना.

मुळामुठा
भरपाईच्या मागणीवर माझी सही घ्या. अटकेच्या मागणीवर मिळणार नाही.