'चेक' आणि 'शह': मुळात एकच शब्द

आपण मेसेज चेक करतो, बँकेत चेक भरतो, चेक्सचा शर्ट घालतो आणि बुद्धिबळात चेक देतो. हे चारही चेक बुद्धिबळाच्या पटावरूनच आले आहेत. मला याहून नवल वाटतं ते असं की हा शब्द मराठीत आधीपासून नांदतो आहे. आपण त्याला 'शह' म्हणतो.

फारसीत शाह म्हणजे राजा. समोरच्याच्या राजावर हल्ला केला की 'शाह' म्हणून सावध करायचं. खेळ अरबांकडून युरोपात गेला, तसं शाहचं मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकुस', जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' आणि इंग्रजीत 'चेक' झालं. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन म्हणजे 'चेस'. 'चेकमेट' हे तर सरळ 'शाह मात'. त्यातल्या 'मेट'चं 'क्लासमेट'शी काही नातं नाही. 'संकटावर मात केली' म्हणतो, तीच ही मात.

शह बसला की बाकीचे सगळे बेत बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून चेक म्हणजे अटकाव, आळा. पुढे, थांबवून खात्री करून घेणं असाही अर्थ आला. 'चेकनाका' या शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र दिसतात: आधी गाडी अडवायची, मग तपासायची.

कापडावरचे चेक्स, म्हणजे चौकड्या, पटावरच्या घरांवरून आले. इंग्लंडच्या राजाचा हिशेबही बाराव्या शतकात अशाच पटावर होई. राजाचा खजिनदार असलेल्या रिचर्ड फिट्झनीलने ११७७च्या सुमारास लिहायला घेतलेल्या ग्रंथात त्याचं वर्णन आहे: सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद मेज, त्यावर रेघांनी चौकड्या पाडलेलं काळं कापड आणि रकमा मांडायला सोंगट्या. त्यावरून खजिन्याचं नाव 'एक्सचेकर' पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' आहे. बँकेचा चेक मात्र 'पडताळणी'तून आला. अठराव्या शतकात फसवणूक टाळायला ठेवलेल्या स्थळप्रतीला चेक म्हणत, नंतर ते नाव मूळ कागदालाच चिकटलं. 'cheque' या ब्रिटिश स्पेलिंगमधला 'क्यू' एक्सचेकरच्या प्रभावाने आला.

आता वापराचं. सरसकट 'चेक करणे'मुळे आपली किती क्रियापदं मागे पडतात! दार लागलंय का ते पाहायचं, उत्तरपत्रिका तपासायची, सही पडताळायची, हिशेब ताडून पाहायचा. प्रत्येकाची छटा वेगळी आहे, आणि ती राखावी असं मला मनापासून वाटतं. 'शह' मात्र यांपैकी कुठेच बसत नाही. तो अर्थाने अटकावापर्यंत आला आणि तिथेच थांबला. राज्यघटनेच्या संदर्भात 'चेक्स अँड बॅलन्सेस'साठीही मी 'शह' वापरणार नाही, 'नियंत्रण आणि संतुलन'च म्हणेन. शह प्रतिपक्षाला हरवण्यासाठी देतात. इथे तर संसद, सरकार, न्यायालयं अशा सगळ्यांनाच एकमेकांना आवरत टिकायचं असतं.